मागची रांग उशिरा का वाजवते?

जुलैमध्ये आमच्या हायस्कुलाचं बँड पथक व्हरांड्यात सराव करतं. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला पाऊस मैदानावर पाय ठेवू देत नाही. छत्तीस मुलंमुली ड्रम सांभाळत दाटीवाटीनं उभी राहतात, छपराखाली आवाज नुसता कोंडतो, पण ताल पक्का असतो. मग १५ ऑगस्टच्या आधी दोन दिवस उघडीप मिळते. पथक मैदानावर उतरतं, चार-चार जणांच्या नऊ रांगा होतात, आणि व्हरांड्यात घट्ट बसलेला ताल उसवायला लागतो. साईड ड्रमचा ठोका ‘टक्’ न येता ‘टरक्’ असा येतो. समोर उभे असलेले सर ओरडतात, “मागची रांग! लक्ष कुठं आहे? शिस्त म्हणून काही आहे की नाही?” आणि मागच्या रांगेला मैदानाची एक फेरी पळावी लागते.

हे मी कित्येक वर्षं पाहत होते आणि खरंच मानत होते. एके वर्षी फेरी पळून आलेल्यांत नववीतली एक मुलगी होती. तिच्या घरी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट आरती होते, ती स्वतः घुमट (मातीच्या मडक्यावर कातडं ताणलेलं तालवाद्य) वाजवते, आणि तिच्यासारखा तालाचा हात अख्ख्या पथकात दुसऱ्या कोणाचा नव्हता. धापा टाकत ती म्हणाली, “बाई, मी पुढच्यांचं नीट ऐकूनच वाजवते हो.”

सगळा घोळ त्या ‘ऐकूनच’मध्ये होता. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे हे मला आधीच सुचायला हवं होतं.

ध्वनीचा वेग आपण आठवीनववीत पाठ करतो. आपल्याकडच्या ३० अंश सेल्सिअसच्या हवेत तो सेकंदाला साधारण ३५० मीटर असतो. आमच्या नऊ रांगांमध्ये पहिलीपासून शेवटचीपर्यंत १४ मीटर अंतर पडतं. म्हणजे पुढच्या रांगेचा ठोका मागच्या रांगेच्या कानावर ४० मिलिसेकंदांनी पोचतो. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) मागची मुलगी त्या आवाजाशी तंतोतंत जुळवून वाजवते, तेव्हा ती प्रत्यक्षात ४० मिलिसेकंद मागे असते. आता तिच्या ड्रमचा आवाज समोरच्या सरांकडे निघतो. त्यालाही तेच १४ मीटर कापायचे असतात, म्हणजे आणखी ४०. सरांना पुढची रांग आणि मागची रांग यांत ८० मिलिसेकंदांचं अंतर ऐकू येतं. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात. त्यातले ८० गेले, तर संगीत न शिकलेल्यालाही ते खटकतं.

गंमत म्हणजे त्याच क्षणी पथकाच्या मागे, गेटपाशी उभ्या असलेल्या माणसाला सगळं अगदी जुळलेलं ऐकू येतं. पुढचा आवाज मागच्या रांगेपाशी पोचतो त्याच क्षणी तिचा ठोका पडतो आणि दोन्ही आवाज हातात हात घालून त्याच्याकडे जातात. पथक तेच आणि वादन तेच, तरी एकाला मुलं बेशिस्त वाटतात आणि दुसऱ्याला तयारीची.

शिगम्याच्या मिरवणुकीत हे डोळ्यांनी दिसतं. रोमटामेळ, म्हणजे नाचत-वाजवत निघालेला जथा, लांबच लांब असतो. ढोल-ताशे आणि कासाळी (मोठ्या झांजा) एका टोकाला, आणि मागे निशाणं घेतलेली माणसं. साठ मीटर मागे असलेल्याच्या कानावर ढोल १७० मिलिसेकंदांनी पडतो. थोड्या उंचावरून पाहिलं, तर पावलं एकदम पडत नाहीत, वाऱ्यानं भातशेतात उठते तशी लाट पुढून मागे जाते. याच हिशेबाने, मिनिटाला १२० पावलांच्या संचलनात ढोलापासून १७५ मीटरवर चालणारा माणूस बरोबर एक पाऊल मागे असतो. पुढच्याचा डावा पाय पडतो तेव्हा त्याचा उजवा. दोघंही ढोल ऐकूनच चालत असतात.

पण ही झाली हवेची बाजू. मला ज्याचं खरं वेड आहे ते कानाच्या आत, मेंदूत घडतं.

आवाज ऐकल्यावर हात हलायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. ठोका ऐकून मग मारायचा असता, तर जगातलं कुठलंही पथक जुळलं नसतं. म्हणजे ड्रम वाजवणारं मूल ऐकून मारत नाही, पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधून मारतं. साध्या मेट्रोनोमबरोबर (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर) बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक माणसांचं बोट आवाजाच्या वीस-तीस मिलिसेकंद आधीच पडतं आणि त्यांना ते कळतही नाही. सरावलेल्या वादकांमध्ये ही घाई कमी होते.

अंदाज चुकणारच. मग प्रत्येक ठोक्यानंतर मेंदू चुकीचा काही वाटा पुढच्या ठोक्यात भरून काढतो. याला फेज करेक्शन म्हणतात. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत ब्रुनो रेप यांनी बोट आपटण्याच्या अशा प्रयोगांवर अनेक वर्षं घालवली. त्यातून दिसलं की जी चूक आपल्या लक्षातही येत नाही, तीसुद्धा हात दुरुस्त करतो. समजा तुम्ही ४० मिलिसेकंद मागे पडलात आणि प्रत्येक वेळी निम्मी चूक दुरुस्त करता. पुढच्या ठोक्याला २० उरतात, मग १०, मग ५. छान.

आता मेट्रोनोमच्या जागी दुसरा मुलगा उभा करा. तोही तुमचं ऐकून स्वतःला दुरुस्त करतो. इथे दोघांच्या दुरुस्तीचे वाटे एकत्र होतात. नवीन फरक म्हणजे जुना फरक गुणिले (१ वजा तुमचा वाटा वजा त्याचा वाटा). दोघंही निम्मी चूक भरून काढत असतील, तर कंसात शून्य येतं आणि एका ठोक्यात सगळं जुळतं. दोघंही नव्वद टक्के दुरुस्त करायला गेले, तर कंसात उणे ०.८ येतं. मग ४० चा फरक उलट्या दिशेने ३२ होतो, परत सुलट २६, पुन्हा उलट २०. अरुंद गल्लीत समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकत राहतात, तसं हे. आणि दोघांनीही शंभर टक्के दुरुस्ती केली, तर ४०, उणे ४०, ४०, उणे ४०. कधीच जुळत नाही.

वर्गात फळ्यावर हे मांडताना मी दर वेळी इथे थांबते. कारण या सूत्रात शेजाऱ्याकडे अजिबात लक्ष न देणारा मुलगा जेवढा घातक आहे, तेवढाच शेजाऱ्याच्या प्रत्येक ठोक्याला पूर्ण शरण जाणारा मुलगाही. ओरडा खाल्लेलं मूल नेमकं तसं शरण जातं. त्याला चूक करायची नसते, म्हणून ते शेजाऱ्याच्या हाताला चिकटतं.

यात हवेतला उशीर मिसळला की आणखी एक गोष्ट होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांबरोबर टाळ्या वाजवायला लावल्या आणि आवाज मुद्दाम कमीजास्त उशिरानं पोचवला. उशीर अगदी कमी असला तर जोडी लय वाढवत नेते, जास्त असला तर लय मंदावते. १० ते १५ मिलिसेकंदांच्या आसपास ती स्थिर राहते. आपल्या हवेत ते अंतर चारेक मीटर भरतं. आमचा व्हरांडा आठवा, छत्तीस मुलं जवळपास तेवढ्याच जागेत. मैदानावर मात्र प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ शेवटच्या ओळीपर्यंत रेंगाळतं. घुमट आरतीतही मंडळी गुडघ्याला गुडघा लावून बसतात. तिथे लय चढते ती मुख्यतः हौसेनं चढवलेली असते, पण जुळून राहते त्याचं एक कारण ती जवळीकही आहे.

इथे एक सांगितलंच पाहिजे. चवथीच्या दिवसांत मोबाइलवर मजकूर फिरतो की घुमटाच्या किंवा ढोलाच्या कंपनांनी सगळ्यांच्या मेंदूच्या लहरी एक होतात, घरातली नकारात्मक ऊर्जा जाते, जंतू मरतात. त्यासोबत हायगेन्सचं नाव जोडलेलं असतं. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाला १६६५ मध्ये एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एकमेकांशी जुळलेले दिसले, हे खरं आहे. पण ते जुळले त्या सामाईक आधारातून जाणाऱ्या बारीक धक्क्यांमुळे. माणसांमध्ये तसा दांडा नाही. आपण जुळतो ते कानांनी, डोळ्यांनी आणि मेंदूच्या अंदाजानं, आणि तो सरावानं कमावावा लागतो. ‘ड्रम शिका, गणितात गुण वाढतील’ अशा जाहिरातींवरही पालकांनी विसंबू नये. एकत्र ठेका धरण्यावर चांगले प्रयोग झाले आहेत. अडीच ते साडेचार वर्षांची मुलं यंत्रापेक्षा समोरच्या माणसाबरोबर जास्त नीट ठेका धरतात, हे किर्शनर आणि टोमासेलो यांनी २००९ मध्ये दाखवलं. माणूस समोर असला की मूल जुळवून घेतं, एवढंच त्यातून कळतं. आणि तेही थोडं नाही.

मग मैदानावर करायचं काय? परदेशातल्या मोठ्या बँडमध्ये एक रीत आहे. ठेक्याचे ड्रम मागे ठेवायचे, त्यांनी ड्रम मेजरच्या (पुढे राहून पथक चालवणाऱ्याच्या) काठीकडे बघून वाजवायचं, आणि पुढच्या सगळ्यांनी मागून येणारा आवाज कानावर पडला की त्याच्याशी जुळवायचं. प्रकाशाला १४ मीटरसाठी वेळ जवळजवळ लागतच नाही. मागचा आवाज वाटेत प्रत्येक रांगेला सोबत घेत पुढे येतो आणि समोरच्या प्रेक्षकांपर्यंत सगळं एकदम पोचतं. आम्ही ते करून पाहिलं. काठी मागच्यांना दिसावी म्हणून ड्रम मेजर मुलाला ती डोक्याच्या वर न्यायला शिकवलं. सरांच्या जागेवर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग केलं, तेव्हा आधी लहरींची दोन वेगळी शिखरं दिसत होती, ती एकमेकांत शिरली. सरांनी ते हेडफोन लावून तीन वेळा ऐकलं. मागच्या रांगेची फेरी त्या दिवसापासून बंद झाली.

अडचण पुढे आली. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात पाहुण्यांचा मंच पथकाच्या समोर नसतो, उजव्या हाताला असतो. ‘दाहिने देख’ म्हणतात तेव्हा मंचापासून पुढची आणि मागची रांग जवळपास सारख्याच अंतरावर असते. मागून ऐकून वाजवलं, तर तिथे पुढची रांग ४० मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. म्हणजे समोरच्यांसाठी केलेली सोय बाजूच्यांना नडते. ठेका एकाच जागेवरून उठणार असेल, तर त्याला तितकंच दूर दोन्हीकडे जावं लागेल अशी जागा एकच, पथकाचा मध्य.

त्या नववीतल्या मुलीकडे आम्ही बेस ड्रम दिला आणि तिला पाचव्या रांगेत मधोमध उभं केलं. तिथून दोन्ही टोकं ७ मीटरवर, २० मिलिसेकंदांवर. तेवढ्या फरकात मंचावरच्या कानाला दोन ठोके सहसा वेगळे वाटत नाहीत, एकच ठोका थोडा जाड लागतो. ती काठीकडे बघते, बाकी पस्तीस जण तिला ऐकतात, आणि ती मात्र त्यांच्यातल्या कोणाचंच ऐकत नाही.