'रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही' हे आलं कुठून?

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री केसपेपरवर 'एनबीएम' लिहिलं जातं, म्हणजे तोंडाने काहीही नाही, आणि उशाजवळची पाण्याची बाटली उचलली जाते. नंबर दुपारी दोनला असला तर चौदा तास कोरडे जातात. जीभ टाळूला चिकटते, ओठ फुटतात, शरीरातलं पाणी कमी झाल्याने शीर सापडत नाही आणि सुई पुन्हा पुन्हा टोचावी लागते.

यामागची भीती खरी आहे. भूल चढली की खोकून घसा मोकळा करण्याची शरीराची सोय बंद पडते. पोटातलं वर आलं तर फुप्फुसात उतरतं. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदींतून असे ६६ प्रसंग मांडले. पोटातल्या आम्लाने फुप्फुसं पोळतात, हे त्यांनी सशांवरही दाखवलं. पण त्यांतल्या ज्या दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्न अडकून गुदमरल्या होत्या.

घट्ट आणि पातळ यांतला हा फरक जुन्या लोकांना ठाऊक होता. क्लोरोफॉर्मची भूल देण्याआधी पोटात घट्ट काही नसावं, मात्र सुमारे दोन तास आधी कपभर चहा द्यावा, असं ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच लिहिलं होतं. पुढे दोन्ही एकाच हुकमात कोंबलं गेलं. दिवसभराच्या शस्त्रक्रियांच्या अख्ख्या लिस्टला एकच वेळ सांगणं वॉर्डाला सोपं पडतं. त्याची किंमत तहानलेला माणूस मोजतो.

१९८६ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत भूलतज्ज्ञ माल्टबी आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलि पाणी दिलं. उपाशी ठेवलेल्यांपेक्षा त्यांच्या पोटात जास्त द्रव सापडला नाही. साधं पाणी जठरातून झपाट्याने पुढे सरकतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अंतरं ठरवून दिली: पारदर्शक द्रव २ तास, आईचं दूध ४, इतर दूध आणि हलकं खाणं ६, तळकट किंवा मटण असेल तर त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

आपल्याकडे घोटाळा होतो तो चहापाशी. 'चहा चालेल' एवढंच सांगितलं की नातेवाईक दुधाचा चहा आणतात. दूध जठरात फाटून घट्ट होतं, म्हणून त्याला पूर्ण सहा तास लागतात. ताकही पारदर्शक नव्हे. चालतं ते पाणी, साखरपाणी, कोरा चहा, गर नसलेला गाळलेला रस.

म्हणून केसपेपरवर दोन वेळा वेगळ्या लिहाव्यात. दुपारी दोनची शस्त्रक्रिया असेल तर 'हलकं खाणं बंद सकाळी ८, पाणी बंद दुपारी १२'. लिस्ट मागे सरकली की ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डला फोन जावा आणि भूलतज्ज्ञांना विचारून पाण्याची वेळही पुढे न्यावी. आतड्याला अडथळा, प्रसूतीच्या कळा, मधुमेहाने मंदावलेलं जठर किंवा सेमाग्लुटाइडसारखं, जठर मंदावणारं मधुमेहाचं किंवा वजन घटवायचं औषध चालू असेल, तर मात्र हे गणित लागू नाही. तिथे वेळ भूलतज्ज्ञच ठरवतील, आणि तोवर ओल्या गॉजने ओठ पुसत राहावे.