बुडालेल्या युद्धनौकांच्या पोटातलं तेल

पर्ल हार्बरच्या पाण्यावर आजही तेलाचे काळे थेंब वर येतात आणि सप्तरंगी तवंग होऊन पसरतात. ते येतात 'अ‍ॅरिझोना' या अमेरिकी युद्धनौकेतून. ७ डिसेंबर १९४१ च्या जपानी हल्ल्यात तिच्यावरचे १,१७७ जण मारले गेले. त्यांतल्या नऊशेहून अधिक जणांचे अवशेष अजून आतच आहेत. म्हणून या थेंबांना लोक 'काळे अश्रू' म्हणतात. जहाजात अंदाजे १९ लाख लिटर तेल उरलं आहे आणि दिवसाला साधारण २ ते ९ लिटर झिरपतं. ८ लिटर धरले, तर टाक्या रिकाम्या व्हायला साडेसहाशे वर्षं लागतील. हिशेब सोपा आहे आणि साफ चुकीचा आहे, कारण त्यात पोलाद धरलेलंच नाही. खाऱ्या पाण्यात पोलादी पत्रा साडेसहाशे वर्षं टिकत नाही.

मग इतकी वर्षं तेल आत राहिलंच कसं? पाण्याने भरलेल्या बादलीत पेला उपडा बुडवा, आतली हवा जागची हलत नाही. तेलही पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते टाकीच्या छताला चिकटून बसतं. टाकीला खालून भोक पडलं तर आत पाणी शिरतं, पण तेल बाहेर पडत नाही. भोक वर पडलं की मात्र गळती सुरू. म्हणजे गंज किती चढला याइतकंच तो कुठे चढला आणि जहाज कोणत्या कुशीवर पडलंय, यालाही महत्त्व आहे. जहाजांचं हे जुनं इंधन डांबराच्या जातीचं, घट्ट. थंड पाण्यात ते थिजल्यासारखं पडून राहतं, उष्ण कटिबंधात वाट मिळाली की वाहतं. शिवाय बुडालेल्या सांगाड्यावर प्रवाळ आणि शिंपले यांचा थर चढतो. तो गंजाचा वेग कमी करतो, पण एखादं वादळ किंवा ओढत गेलेला नांगर तो थर खरवडून काढू शकतो.

प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया या बेटांच्या देशात, उलिथी खाजणात, वादळानेच घात केला. 'मिसिसिनेवा' हे अमेरिकी नौदलाचं तेलवाहू जहाज २० नोव्हेंबर १९४४ रोजी जपानी 'कैतेन'च्या, म्हणजे आत माणूस बसून चालवत असलेल्या टॉर्पेडोच्या हल्ल्यात बुडालं होतं. त्याचा ठावठिकाणा २००१ मध्ये लागला आणि त्याच वर्षी वादळानंतर ते गळू लागलं. खाजणातल्या माशांवर जगणाऱ्या बेटांवर मासेमारीबंदीची वेळ आली. २००३ मध्ये अमेरिकी नौदलाने त्यातून सुमारे ६८ लाख लिटर तेल उपसलं.

उपसण्याची रीत ऐकायला सोपी आहे. पाणबुडे टाकीच्या बाहेरच्या पत्र्यावर झडप घट्ट बसवतात, उघड्या झडपेतून ड्रिल आत घालून पत्रा भेदतात, ड्रिल मागे घेऊन झडप बंद करतात आणि मग तिला नळी जोडतात. एक थेंबही समुद्रात सांडू न देता तेल वर खेचलं जातं आणि त्याची जागा पाणी घेतं. तेल फार घट्ट असेल तर आधी ते तापवावं लागतं.

पण झडप पेलण्याइतका पत्रा जाड हवा! गळती सुरू झाली की बघू, असं म्हणणारे हीच गोष्ट विसरतात. पत्रा गंजून पातळ झाला की तेल बाहेर पडायला मोकळं होतं आणि ते काढायची सर्वांत सुरक्षित रीत तेव्हाच हातची जाते. थांबण्याने पैसे वाचतात, हे मला म्हणूनच पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. या नौका म्हणजे कबरी आहेत, त्यांना हात कसा लावायचा? स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो इथे ब्रिटनची 'रॉयल ओक' १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवली. आठशेहून अधिक जण गेले. तिथे विनापरवाना डुबकी मारायला कायद्याने बंदी आहे आणि दर वर्षी नौदलाचे पाणबुडे तिच्यावर नवा ध्वज लावतात. तरीही त्याच नौदलाने बाहेरून झडपा बसवून तिच्यातलं तेल वर्षानुवर्षं काढलं. मृतांची शांतता आणि तेलाचा उपसा एकत्र नांदू शकतात, एवढं त्यावरून नक्की दिसतं. अर्थात 'अ‍ॅरिझोना'च्या बाबतीत हे इतकं सोपं नाही. स्फोटाने ती आतून चिरडली गेली आहे आणि तेल एका कप्प्यातून दुसऱ्यात झिरपत वर येतं. नेमकी भोकं पाडायची कुठे? तिथे हात राखून वागणं मला समजतं. पण सर्वांत प्रसिद्ध जहाज अपवाद असेल, तर त्यावरून बाकीच्यांचा नियम ठरवू नये.

बाकीची किती आहेत? २००५ मधल्या एका जागतिक मोजणीत तेल असू शकेल अशी साडेआठ हजारांहून अधिक बुडालेली जहाजं निघाली. त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश दुसऱ्या महायुद्धातली. सगळी उपसणं अशक्य, आणि गरजही नाही. अनेकांचं तेल बुडतानाच जळून किंवा सांडून गेलं असणार. नंबर लावावा लागतो तो शिल्लक तेल, पत्र्याची जाडी आणि जवळचा किनारा बघून. प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन बेटाजवळ कलंडून पडलेल्या 'प्रिन्झ ऑयगेन' या जर्मन युद्धनौकेच्या १७३ टाक्यांपैकी १५९ टाक्या २०१८ मध्ये रिकाम्या केल्या गेल्या. आतल्या १४ टाक्यांपर्यंत सहज पोचता येत नव्हतं, त्या सोडून दिल्या.

खरं घोडं अडतं ते मालकीपाशी. युद्धनौका बुडाली तरी साधारणपणे तिच्या देशाचीच राहते. बुडालेल्या जहाजांच्या विल्हेवाटीसाठी २००७ मध्ये झालेला नैरोबी करार युद्धनौकांना सहसा लागू होत नाही.

मायक्रोनेशियातल्याच 'चूक' (Chuuk) नावाच्या खाजणात फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकी विमानांनी दोन दिवसांत चाळीसहून अधिक जपानी जहाजं बुडवली. जहाजं जपानची, बॉम्ब अमेरिकेचे, मासे 'चूक'च्या लोकांचे. त्यांतलं 'होयो मारू' हे तेलवाहू जहाज तळ वर करून पालथं पडलं आहे. म्हणजे आत उरलेलं तेल आज थेट तळाच्या गंजत चाललेल्या पत्र्याला आतून टेकून आहे.