किडनी प्रत्यारोपणानंतरचा डॉप्लर : एका आकड्याचे चढउतार

१८४२ साली पणजीत वैद्यकीय शिक्षणाची ‘एस्कोला’ सुरू झाली. बांबोळीचं आजचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ, हा तिचाच पुढचा अवतार. त्याच वर्षी मे महिन्यात प्रागमध्ये ख्रिश्चन डॉप्लर यांनी जोडताऱ्यांच्या रंगाविषयीचा निबंध वाचला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. करमळी स्थानकात न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता लागतो, तो डॉप्लरच्या नियमाने. वाहत्या रक्तातल्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींनाही तोच नियम लागू पडतो. जपानमध्ये १९५०च्या दशकात सातोमुरा यांनी त्याचा शरीरावर उपयोग सुरू केला; रक्ताचा वेग मोजणाऱ्या या तपासणीलाही डॉप्लरच म्हणतात. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी पोटाच्या सोनोग्राफीची चित्रं प्रसिद्ध केली.

दरम्यान २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती चालली. भाऊ एकसारखे जुळे असल्याने शरीराने परकं अंग नाकारण्याचा, म्हणजे रिजेक्शनचा, प्रश्नच आला नाही. पुढच्या पेशंटांना ती सवलत नव्हती. भारतात १९७१ साली वेल्लोरला जिवंत नातेवाइकाच्या किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं, तेव्हाही डॉक्टरांपुढचा पेच तोच होता. लघवी कमी झाली, क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढलं, तर नेमकं काय बिघडलं? रिजेक्शन आहे, मूत्रवाहिनी तुंबली आहे, रक्तवाहिनीचा जोड बंद पडला आहे, की शरीराबाहेर काढलेले तास सोसून किडनी अजून ‘झोपलेली’ आहे? उत्तरासाठी पोट पुन्हा उघडा, सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासा (बायोप्सी), किडनीला बाधू शकणारं औषध टोचून एक्स-रे काढा, नाहीतर किरणोत्सारी स्कॅन करा, एवढेच पर्याय होते.

१९७०च्या दशकात करड्या छटा दाखवणारी सोनोग्राफी आली आणि एक गोष्ट पथ्यावर पडली. नवी किडनी पाठीत नव्हे, तर ओटीपोटाच्या बाजूला, बहुधा उजवीकडे, कातडीखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर बसवतात. मध्ये बरगड्या नाहीत, आतड्यातला वायूही फारसा आड येत नाही. जन्मजात किडनीपेक्षा ही कितीतरी स्वच्छ दिसते. सूज, तुंबलेली लघवी, भोवती साठलेलं पाणी दिसू लागलं. रिजेक्शन मात्र दिसेना.

मग आला तो आकडा. १९७४ साली फ्रान्सच्या पूर्सेलो यांनी रेझिस्टिव्ह इंडेक्स मांडला. हृदय आकुंचन पावताना धमनीतला सर्वाधिक वेग घ्यायचा, त्यातून हृदय सैलावतानाचा शेवटचा वेग वजा करायचा आणि उरलेल्याला सर्वाधिक वेगाने भागायचं. सेकंदाला ४० सेंमी आणि १२ सेंमी असे वेग मिळाले, तर इंडेक्स ०.७०. निरोगी किडनीत तो साधारण ०.५ ते ०.७ असतो. आतल्या बारीक वाहिन्या आवळल्या की दुसरा वेग घसरतो आणि आकडा चढतो.

१९८०च्या दशकात चित्र आणि डॉप्लर एकाच मशीनमध्ये आले आणि उत्साहाला भरती आली. ०.९० ओलांडलं की रिजेक्शन, असे निष्कर्ष छापून आले. बायोप्सीची सुई टळणार असं वाटू लागलं. पण ‘झोपलेली’ किडनीही सुजते आणि आकडा चढवते. याच काळात रुळलेलं सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन रोखणारं औषध स्वतःच वाहिन्या आवळतं. सडपातळ पेशंटच्या पोटावर प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) जोरात दाबला तरी आकडा वाढतो, आणि वॉल फिल्टर, म्हणजे मशीनची गाळणी, वर ठेवला तर मंद प्रवाह गाळला जाऊन तो थेट १ येतो. हा दोष किडनीचा नव्हे, बटणाचा. २००३ साली ६०१ पेशंटांच्या अभ्यासात ०.८० किंवा जास्त इंडेक्स असलेल्यांच्या किडन्या लवकर निकामी होताना दिसल्या. २०१३च्या अभ्यासाने, त्यात ३२१ पेशंट होते, त्याचा अर्थच बदलला : ठरावीक वेळी मोजलेला हा आकडा बसवलेल्या किडनीपेक्षा पेशंटचं वय आणि त्याच्या रक्तवाहिन्यांची अवस्था जास्त सांगतो. रिजेक्शनचा निकाल अखेर बायोप्सीकडेच राहिला. सोनोग्राफी ती सुई कुठे घालायची ते दाखवते.

आमच्या मते डॉप्लरचं खरं काम प्लंबिंग तपासण्याचं, आणि त्यात त्याचा हात धरणारं दुसरं साधन खाटेपाशी नेता येत नाही. सुरुवात ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या वक्र प्रोबने. किडनीची लांबी मोजायची, भोवती पाणी शोधायचं, मग मशीनवर रंगीत डॉप्लर लावून टोकापर्यंत रक्त पोचतं का ते बघायचं. वरच्या, मधल्या, खालच्या भागात आतल्या धमन्यांचे इंडेक्स घ्यायचे. शेवटी मुख्य धमनीचा मांडीकडे जाणाऱ्या आयलियॅक धमनीशी केलेला जोड आणि शिरेचा जोड. वेग मोजताना कोन ६० अंशांच्या आत हवा, नाहीतर वेगाचा आकडा फुगतो.

काय शोधायचं हे दिनदर्शिका ठरवते. पहिल्या आठवड्यात शिरेत गुठळी : शिरेत प्रवाह नाही, धमनीत मात्र हृदय सैलावताना रक्त उलटं फिरतं. हे दिसलं की रिपोर्ट टाइप करत बसायचं नाही, सर्जनला फोन करायचा. पहिल्या दोन आठवड्यांत गळलेली लघवी, महिना-दोन महिन्यांनी लसिकेची, म्हणजे लसिकावाहिन्यांतून पाझरलेल्या द्रवाची, गाठ. पडद्यावर दोन्ही काळीच. सुईने काढलेल्या पाण्यातलं क्रिएटिनिन रक्ताच्या कितीतरी पट असेल तर लघवी, रक्ताएवढंच असेल तर लसिका. काही महिन्यांनी रक्तदाब आवरेना झाला तर धमनीचा जोड अरुंद झाल्याचा संशय : तिथे वेग सेकंदाला २५०-३०० सेंमीच्या वर आणि आत मात्र लाट सुस्त, बुटकी. बायोप्सीनंतर धमनी आणि शीर यांच्यात आडवाट पडू शकते; ती बहुधा आपोआप मिटते. तुंबणं मात्र फसवं. बसवलेल्या किडनीला संवेदना नेणाऱ्या नसा नसतात, त्यामुळे दुखत नाही. उलट मूत्राशय भरलेलं असताना थोडी फुगलेली किडनी लघवी करून आल्यावर नेहमीसारखी दिसते. म्हणून दोनदा बघायचं.

गोव्याचा या कहाणीशी कागदोपत्री संबंध जुना. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४चा कायदा सुरुवातीलाच लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि हिमाचलबरोबर गोवा होता. राज्याची समन्वय संस्था, सोटो, गोमेकॉत आहे आणि ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या रोटोशी, म्हणजे विभागीय संस्थेशी, जोडलेली आहे. काणकोण भागात कारण नीट न उमगलेला किडनीचा आजार वर्षानुवर्षं आहेच. तरीही अनेकांची शस्त्रक्रिया मुंबई, बेळगाव, बंगळूरला होते आणि तपासणी इथे, मडगाव-म्हापशात. सोनोग्राफी करणाऱ्यासमोर त्या दिवशी फक्त क्रिएटिनिनचा कागद असतो. किडनीला किती धमन्या होत्या, कुठे जोडल्या, मूत्रवाहिनीतला स्टेंट (तात्पुरती बारीक नळी) निघाला का (तो साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात), हे ठाऊक नसेल तर दुसरी धमनी बंद पडलेली असूनही ‘एकच धमनी, व्यवस्थित’ असा रिपोर्ट जाऊ शकतो. शस्त्रक्रियेची टिपणं आणि पहिल्या डॉप्लरचा रिपोर्ट म्हणूनच फायलीत सगळ्यात वर हवा.

कारण आज ०.७६ आला, तर त्या आकड्यात एकट्यात काहीच नाही. साठीच्या, मधुमेही पेशंटचा पहिल्या दिवशी ०.७४ असेल तर पुढची तारीख देऊन घरी पाठवता येतं. तिशीतल्या मुलीचा ०.५८ होता, तर बायोप्सीचं बोलणं त्याच दिवशी सुरू होतं.