लिहिणाऱ्या माणसाशी संसार : हे आधी कोणी लिहून ठेवलंय

आमच्याकडे बायको कादंबरी लिहितेय, हे तिसरं वर्ष. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरातला दिवा लागतो, ओट्याच्या कोपऱ्यावर लॅपटॉप, शेजारी भिजवलेल्या मटकीचं पातेलं. परवा दुकानात वाणसामानाची यादी खिशातून काढली तर मागच्या बाजूला दोन बहिणींचं भांडण लिहिलेलं, मधेच तुटलेलं, मग यादी दुकानदाराला दिलीच नाही, वाचून दाखवली. तिला नुसतं छापून यायचं नाहीये, मोठं लेखक व्हायचंय, आणि ती हे उघड बोलते ते मला फार आवडतं. पण अशा घरात दुसऱ्या माणसाचं काय होतं हे कोणी लिहून ठेवलंय का म्हणून सावानात (आपलं नाशिकचं १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय) जाऊन शोधायला लागलो, तर पहिलं नाव निघालं ते इथलंच.

लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळचं जलालपूर. अगदी लहान वयात लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी, म्हणजे पुढचे रेव्हरंड टिळक, फुलामुलांचे कवी. कधी उठून कुठे निघून जातील ह्याचा नेम नाही, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली, मग त्या नगरला त्यांच्याकडे गेल्या. आता हे सगळं काही कवितेमुळे झालं असं नाही, पण टिळकांच्या बाबतीत कविता वेगळी आणि बाकीचं झपाटलेपण वेगळं असं करताच येत नाही असं मला वाटतं. आणि ह्याच माणसाने बायकोला लिहायला वाचायला शिकवलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य अर्धवट राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते ‘स्मृतिचित्रे’ ह्या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राच्या सुरुवातीच्या कारणाने. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून आईकडून आठवणी हव्या होत्या. म्हणजे मागितलं होतं त्यांच्याबद्दल! ते १९३४ पासून भागाभागाने छापून आलं तेव्हा मात्र पुस्तक बाईंचं झालं होतं, आणि आज टिळकांचं घर लोकांना माहितीये ते बाईंच्या वाक्यांतून.

नंतरची पुस्तकंही बायकांचीच हाती लागली. १९८४ चं मलिका अमर शेख (कवी नामदेव ढसाळांची बायको) यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ वाचून मी दोन दिवस नीट बोललो नाही. मग १९९० चं सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’. पुलंचा पत्रव्यवहार, हिशेब, परवानग्या, मुद्रितं, हे सगळं त्या बघत होत्या, तेही काही जमत नाही म्हणून नाही तर स्वतः उत्तम लिहू शकत असताना, हे वाचताना मला सारखं आमच्या घरातलं उलटं चित्र दिसत होतं की लाइट बिल, डबे, शाळेची मीटिंग हे आता मी बघतो आणि त्याचा कधी कधी राग येतो, खोटं कशाला बोलू.

आणि बाईची महत्त्वाकांक्षा म्हणाल तर १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हे कथांचं पुस्तक आलं तेव्हा बाळूताई खऱ्यांना ‘विभावरी शिरूरकर’ असं टोपणनाव घ्यावं लागलं, केवढं वादळ उठलं होतं. तिथून आमच्या ओट्यापर्यंत यायला एवढी वर्षं लागली. आमच्याकडे पहिल्या पानावर तिने स्वतःचं नाव आधीच टाईप करून ठेवलंय, माहेरचं आडनाव.

काल रात्री तिने पहिला भाग वाचून दाखवला. त्यात एक नवरा आहे, बराचसा मीच आहे. दोन ठिकाणी मी म्हटलं, हे असं झालं नव्हतं. ती म्हणाली, माहितीये. आणि तसंच ठेवलं.