१९०५-०७ म्हणजे नेमकं केव्हा?

अभिलेखागारात एखाद्या संस्थेचं अख्खं दप्तर येतं, तेव्हा सुट्या कागदांची नोंद करत कुणी बसत नाही. आधी संपूर्ण संग्रहाचं वर्णन, मग त्यातले विभाग, मग फायली, अशी उतरती सूची करतात. या सूच्या संगणकाला वाचता याव्यात म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या ग्रंथालयात १९९३ साली काम सुरू झालं. सूत्रधार होते डॅनियल पिट्टी. त्यातून ‘एन्कोडेड आर्काइव्हल डिस्क्रिप्शन’, थोडक्यात ईएडी, हे मानक आलं. पहिली आवृत्ती १९९८ची, पुढच्या २००२ आणि २०१५च्या.

ईएडी म्हणजे एक्सएमएलमधली, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण (टॅग) लावायच्या पद्धतीतली सूची. संग्रहाचं वर्णन ‘आर्कडेस्क’मध्ये, त्याच्या पोटात ‘सी’ (विभाग किंवा फायलीसारखा घटक), त्याच्याही पोटात ‘सी’. प्रत्येक पातळीवर ‘डिड’ हा कप्पा असतो. शीर्षक, तारीख, क्रमांक, पेटी हे सगळं त्यात.

अशी एक्सएमएल सूची संगणकाच्या तपासणीत ‘वैध’ ठरली की काम झालं असं वाटतं. तसं नसतं. २००२ची आवृत्ती मुद्दाम सैल ठेवलेली आहे: तारीख ‘युनिटडेट’ टॅगमध्ये द्या किंवा शीर्षकाच्या शेपटीला नुसती लिहा, दोन्ही वैध. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी तारखेच्या शोधात सापडतच नाहीत.

पेट्यांचंही तेच. कागदी यादीत ‘पेटी ३’ एकदाच लिहून खाली फायलींची रांग असते, वाचणारा ते समजून घेतो. तशीच्या तशी यादी टॅगमध्ये उतरवली, तर पेटी फक्त पहिल्या फायलीला चिकटते. म्हणून पेटीचा ‘कंटेनर’ टॅग प्रत्येक फायलीत पुन्हा द्यायचा, कंटाळा आला तरी. वर्णनाचा नियम मात्र उलटा: वरच्या पातळीवर सांगितलेलं खाली पुन्हा सांगायचं नाही. मग शोधात नुसतं ‘पत्रव्यवहार’ असं शीर्षक समोर येतं आणि कुणाचा ते कळत नाही. यावर उपाय दाखवणाऱ्या प्रणालीत करायचा: निकालात विभागाचं आणि संग्रहाचं नावही दाखवायचं.

सगळ्यात फसवी तारीखच. माणसाने वाचायची तारीख टॅगच्या आत कशीही लिहा. यंत्रासाठी टॅगला जोडलेल्या ‘नॉर्मल’ या गुणधर्मात ती आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने द्यावी लागते. १९०५ ते १९०७ या काळासाठी कुणी तिथे ‘१९०५-०७’ लिहिलं, तर यंत्र त्याचा अर्थ जुलै १९०५ असा घेतं. हवं होतं ‘१९०५/१९०७’. मोडी कागदांवरच्या शकाचंही भान ठेवावं लागतं. शके १७०० हे वर्ष १७७८च्या वसंतात सुरू होऊन १७७९मध्ये संपतं, तेव्हा ‘नॉर्मल’मध्ये ‘१७७८/१७७९’ लिहायचं आणि मूळ शक वाचकासाठी टॅगच्या आत जसाच्या तसा ठेवायचा.

‘१९०५-०७’ स्वरूपाच्या दृष्टीने बिनचूक असल्याने स्किमा, म्हणजे वैधता ठरवणारी नियमावली, ते पकडत नाही. त्यासाठी स्किमॅट्रॉन या एक्सएमएल तपासायच्या नियमभाषेत आपले नियम लिहायचे: फाईल पातळीवरच्या प्रत्येक ‘सी’मध्ये ‘युनिटडेट’ आणि ‘कंटेनर’ हवेतच, आणि दिसणाऱ्या तारखेत दोन वर्षं असून ‘नॉर्मल’मध्ये तिरकी रेघ नसेल, तर ती नोंद माणसाकडे परत पाठवायची.