सुरक्षा टर्नस्टाइल : इमारतीच्या प्रवेशातील आखणी व बसवणी

ओळख पटल्यावर एका वेळी एकाच माणसाला आत सोडणारे यांत्रिक किंवा विजेवर चालणारे फाटक. कार्ड, बोटाचा ठसा, चेहरा किंवा क्यूआर कोड वाचून परवानगी देण्याचे काम रीडर आणि कंट्रोलर करतात; ती परवानगी एका माणसापुरतीच राहील हे पाहणे एवढेच फाटकाचे काम. त्यामुळे फाटक बसले म्हणून दारवान कमी करता येतो हा समज फारसा टिकत नाही. कार्ड विसरलेला कामगार, पाहुणा, कुरियरवाला, सामानाची ट्रॉली ही सगळी अखेर माणसाकडेच येतात. गिऱ्हाइकांना एका दिशेने नेणारी फिरती फाटके अमेरिकेतील मेम्फिस येथे १९१६ मध्ये उघडलेल्या पिगली विगली या स्वयंसेवा दुकानात वापरली गेली होती. गोव्यात आज त्यांची गरज पडते ती पणजीतील पाटोसारख्या भागातल्या कार्यालयांत आणि वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांच्या फाटकावर. या दोन ठिकाणांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की एकाची आखणी दुसऱ्याला उचलून लावता येत नाही.

प्रकार. कमरेइतक्या उंचीचे तीन दांड्यांचे ट्रायपॉड सर्वांत स्वस्त आणि दणकट असते, पण दांडीखालून वाकून किंवा वरून उडी मारून जाता येते. फ्लॅप बॅरियरमध्ये दोन्ही बाजूंच्या पेटीतून वाट अडवणारी पाती, म्हणजे पंखे, बाहेर येतात. स्विंग प्रकारात काचेची पाखे दारासारखी उघडतात. जमिनीपासून डोक्यावरपर्यंत पिंजऱ्यासारखे असणारे पूर्ण उंचीचे टर्नस्टाइल राखणदार नसलेल्या कारखाना-फाटकाला योग्य. कार्यालयाच्या लॉबीत ते तुरुंगाची कळा आणते. माहितीपत्रकात ट्रायपॉडचा वेग मिनिटाला ३० माणसे असा छापलेला असतो. प्रत्यक्षात खिशातून कार्ड काढणे, ते न वाचले गेल्याने पुन्हा दाखवणे, हातातले हेल्मेट सावरणे यांत वेळ जातो. म्हणून आखणी करताना ट्रायपॉडला मिनिटाला १५, फ्लॅप किंवा स्विंगला २० ते २५ आणि पूर्ण उंचीच्या प्रकाराला १० ते १२ माणसे धरावीत. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या लेनला (दोन पेट्यांमधल्या वाटेला) याहूनही कमी धरावीत, कारण पावसात भिजलेले आणि कामाने घासलेले बोट रीडर वाचत नाही.

लेन किती हव्यात हे कर्मचाऱ्यांच्या एकूण संख्येवर ठरत नाही. सर्वांत गर्दीच्या पाच-पंधरा मिनिटांवर ठरते. ४०० जणांच्या कार्यालयात त्यांतले ६० टक्के लोक पंधरा मिनिटांत आले, तर मिनिटाला १६ माणसे होतात. फ्लॅपची एक लेन हे जेमतेम ओढते, म्हणून दोन बसवाव्यात आणि एक बंद पडली तरी काम चालेल अशी तिसरी ठेवावी. कारखान्यात हिशेब उलटा असतो. तीन बस एकदम फाटकावर येतात, १५० जण उतरतात आणि पाळी सुरू व्हायला पाच मिनिटे उरलेली असतात. म्हणजे मिनिटाला ३० माणसे. त्याच वेळी आधीच्या पाळीचे तितकेच लोक बाहेर पडायला उभे. ट्रायपॉडच्या दोन लेन आत आणि दोन बाहेर, शिवाय दोन्ही दिशांनी चालणारी एक राखीव, अशा पाच लेन तिथे लागतात. पैसे कमी असतील तर लेन कमी करण्याआधी बसच्या वेळांत दहा-दहा मिनिटांचे अंतर पाडून पाहावे. हा उपाय फुकटचा आहे आणि बहुतेक वेळा कोणी विचारातच घेत नाही.

मांडणी. साध्या लेनची मोकळी रुंदी ५५० ते ६०० मिमी असते. व्हीलचेअर, बाळगाडी आणि ट्रॉलीसाठी किमान ९०० मिमीची एक रुंद लेन हवीच. ती नंतर बघू म्हणून सोडली की मग तिला जागा उरत नाही. २०० मिमी रुंदीच्या पेट्या धरल्या तर ६०० मिमीच्या तीन आणि ९०० मिमीची एक अशा चार लेनना पाच पेट्या लागतात. लेन २,७०० मिमी, पेट्या १,००० मिमी आणि दोन्ही टोकांना भिंतीपासून ७५-७५ मिमी, म्हणजे एकूण ३,८५० मिमी. टोकाची फट १०० मिमीपेक्षा जास्त राहू देऊ नये. उरलेली जागा काचेच्या कठड्याने बंद करावी. रांगेसाठी बाहेरच्या बाजूला किमान अडीच ते तीन मीटर मोकळे असावे, आतल्या बाजूला लिफ्ट किंवा जिना दोन मीटरच्या आत येऊ नये. लॉबीचे दार थेट रस्त्यावर किंवा उघड्या पडवीत उघडत असेल, तर पावसाळ्यात ही रांग पागोळ्यांखाली उभी राहते. नकाशा पाहताना हे सुचत नाही, जूनमध्ये सुचते.

रीडर कोणत्या पेटीवर, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढे सर्वांत जास्त तक्रारी आणते. मधली पेटी दोन लेनच्या सामाईक मालकीची असते. आत जाणाऱ्याच्या उजव्या हाताला त्याच्याच लेनचा रीडर आला पाहिजे. डावीकडे बसवला तर उजव्या हातातले कार्ड सवयीने शेजारच्या लेनच्या रीडरवर टेकते, भलतीच लेन उघडते आणि माणूस बंद पंख्यावर आदळतो. पोलादी पत्र्याच्या आत रीडर लपवल्यास पत्रा त्याच्या रेडिओ लहरी अडवतो. वर प्लॅस्टिक किंवा काचेची खिडकी ठेवावी लागते. उंची जमिनीपासून ९०० ते १,००० मिमी असली की व्हीलचेअरवरच्या माणसाचाही हात पोहोचतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या लॉबीत संध्याकाळचे आडवे ऊन चेहरा वाचणाऱ्या कॅमेऱ्यावर आणि लेनमधला माणूस टिपणाऱ्या अवरक्त सेन्सरवर पडते, आणि कोणी नसताना फाटक आत माणूस असल्याचे दाखवू लागते. पेट्यांची रांग थोडी आत सरकवणे किंवा काचेला फिल्म लावणे हा त्यावर इलाज. सेटिंग सैल करून हे मिटवू नये. तसे केले की एकामागून दुसरा घुसलेला माणूसही सेन्सरला दिसत नाही.

जमीन. बसवणीतले निम्मे काम जमिनीखालचे असते आणि चुकाही तिथेच होतात. पेटी धरून ठेवणारा अँकर बोल्ट फरशीत किंवा तिच्या खालच्या बेडिंगमध्ये (मसाल्याच्या थरात) अडकवून भागत नाही, तो काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. २० मिमी ग्रॅनाइट, ५० मिमी बेडिंग, काँक्रीटमध्ये १०० मिमी आणि वर प्लेट-नटसाठी २५ मिमी धरले तर एम-१२ (१२ मिमी जाडीचा) बोल्ट सुमारे २०० मिमी लांब लागतो. पुरवठादार पेटीसोबत बहुधा याच्या निम्म्या लांबीचे बोल्ट देतो. ते घट्ट बसल्यासारखे वाटतात. काही महिन्यांच्या धक्क्यांनी बेडिंग भुगा होते आणि पेटी हलू लागते. पेटी हलली की समोरासमोरचे सेन्सर सरळ रेषेतून सरकतात, आणि दोष मात्र सेन्सरवर जातो.

गोव्यातल्या बऱ्याच इमारतींत तळमजल्याला स्लॅब नसतो. चिऱ्यांच्या जोत्यात मातीची भर, तिच्यावर दगडांचे सोलिंग आणि १०० मिमी साधे काँक्रीट, अशी ती जमीन असते. तिथे पेट्यांच्या पूर्ण लांबीखाली भर उकरून ३०० मिमी जाडीचा, सळ्या घातलेला एम-२५ प्रतीच्या काँक्रीटचा पट्टा ओतावा आणि किमान सात दिवस पाणी मारल्याशिवाय त्यात ड्रिल घालू नये. वरच्या मजल्यावर किंवा पोडियमवर पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल, तर ताणलेल्या तारांचा नकाशा हाती येईपर्यंत एकही भोक पाडू नये. केमिकल अँकरची (रेझिनने चिकटवलेल्या बोल्टची) भोके ब्रशने घासून आणि पंपाने फुंकून किमान दोनदा साफ करावीत. सुटलेल्या बोल्टच्या बहुतेक प्रकरणांत भोकात धूळच राहिलेली असते. पावसाळ्यात जोते ओल ओढते, म्हणून ओल्या भोकात चालणारे रेझिन घ्यावे. जुन्या पणजीतील लाकडी तक्तपोशीच्या किंवा वारसा यादीतल्या घरांत जमिनीला भोक पाडता येत नाही. तिथे सगळ्या पेट्या एका पोलादी चौथऱ्यावर बसवून दोन्ही बाजूंना १:१२ उताराचा रॅम्प देतात.

कंड्युट, म्हणजे तारांचे पाइप, फरशी बसण्याआधी टाकावे लागते, म्हणजे यंत्राची निवड गवंडी येण्याआधी झालेली असली पाहिजे. प्रत्येक पेटीला २५ मिमीचे दोन पाइप द्यावेत, एक विजेला आणि एक डेटाला. दोन्हींत ओढतार ठेवावी. पाइपची तोंडे पेटीच्या बैठकीच्या आत, तयार फरशीच्या ५० मिमी वर काढावीत, नाहीतर पोछा मारतानाचे पाणी सरळ त्यांत उतरते. तारा ओढून झाल्यावर तोंडे पुट्टीने बंद करावीत. या पायरीला आळस केला की आत मुंग्या आणि पाली शिरतात. सर्किट बोर्डवर मेलेली पाल हे गोव्यातल्या बंद पडलेल्या लेनचे अगदी खरे कारण असते.

वीज आणि संकेत. २३० व्होल्टवरून पेटीतला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा संच) २४ व्होल्ट डीसी करतो आणि मोटर, सेन्सर, बोर्ड त्यावर चालतात. दीड चौरस मिमीची तीन तारांची केबल, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच तोडणारा स्विच) आणि प्रत्येक पेटीला अर्थिंग हे कमीत कमी. मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटी पावसात बोर्ड जळतात, म्हणून वीज आणि डेटा या दोन्ही मार्गांवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारे) लावावेत. फक्त विजेवर लावून उपयोग होत नाही. रीडर कंट्रोलरला वायगँड या पद्धतीने जोडल्यास अंतराची मर्यादा सुमारे १५० मीटर असते आणि संदेश उघडा जातो. आरएस-४८५ तारेवरची ओएसडीपी ही दुसरी जोडणी १,२०० मीटरपर्यंत पोहोचते आणि संदेश सांकेतिक करता येतो. कॅट-६ या नेटवर्क केबलची धाव १०० मीटरच.

आग आणि सुटका. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ नुसार बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी किमान १,००० मिमी आणि सभागृहासारख्या इमारतींत किमान २,००० मिमी असावी लागते. ६०० मिमीची लेन हे काम करू शकत नाही. म्हणून फाटकांच्या रांगेशेजारी आतून ढकलताच उघडणारे रुंद दार ठेवतात आणि सुटकेचा हिशेब त्याच्यावर मांडतात. फायर अलार्मचा संकेत फाटकाच्या आणीबाणी टर्मिनलला थेट तारेने द्यावा. तो ॲक्सेस कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमधून फिरवला, तर सर्व्हर अडकलेल्या दिवशी फाटके बंदच राहतात. जोडणी अशी असावी की तार तुटली तरी फाटक उघडेल. यूपीएसचा प्रश्न इथेच येतो. वीज गेली की पंखे मागे सरतील किंवा ट्रायपॉडची दांडी खाली पडेल अशी रचना असते, पण यूपीएस वीज जाऊच देत नाही. त्यामुळे वीज गेली की आपोआप उघडेल या भरवशावर राहू नये. आणीबाणी टर्मिनल यूपीएसवर चालू असतानाही काम करते हे प्रत्यक्ष पाहावे.

गंज आणि दव. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत पत्र्याचा दर्जा निर्णायक ठरतो. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते; एसएस ३१६ मध्ये याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि तेच मिठाला तोंड देते. वास्को, मिरामार, कळंगुटच्या बाजूला उघड्या पडवीत ३१६ घ्यावे. फोंडा, डिचोलीकडे बंद लॉबीत ३०४ पुरते. स्वस्त फाटकांत कमी निकेलचे २०२ खपवले जाते. ते लोहचुंबकाने ओळखता येत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाहीत. रासायनिक थेंबाची चाचणी करावी किंवा पोलाद कारखान्याचे प्रमाणपत्र मागावे. चांगला पत्राही एका दिवसात खराब होतो तो फरशी धुण्याच्या ॲसिडने. त्याच्या वाफेनेच तपकिरी डाग पडतात. फरशी ॲसिडने धुऊन पूर्ण स्वच्छ झाल्यावरच पेट्या आणाव्यात, आणि पुढे साफसफाईवाल्यांना तारेची घासणी वापरू देऊ नये.

दव हा कमी ओळखीचा शत्रू. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २६ अंशांवर असतो. एसीने २४ अंशांवर गार झालेल्या पेटीला दार उघडल्यावर ही हवा लागली की आतल्या बोर्डवर पाणी सुटते. दाराजवळच्या टोकाची लेन सर्वांत आधी बिघडते याचे कारण हेच. बोर्डवर संरक्षक लेपाची मागणी करावी, पेटीत छोटा हीटर ठेवावा, आणि शक्य असल्यास लॉबीला दुहेरी दार द्यावे.

चालू इमारतीत फाटके बसवायची असतील तर कारखाने चतुर्थीची सुटी साधतात. फरशी फोडणे आणि पट्टा ओतणे एवढे त्यात बसते, पाणी मारण्याचे सात दिवस भरल्यावर पेट्या नंतरच्या रविवारी उभ्या राहतात. ताब्यात घेण्याआधीची चाचणी खऱ्या वस्तूंनी करावी. पाठोपाठ दोन माणसे, चाकांची बॅग, काखेत आडवी धरलेली ओली छत्री, हातात हेल्मेट, एक मीटरहून कमी उंचीचे मूल. छत्रीला दुसरा माणूस समजणारे फाटक जानेवारीत उत्तम चालते. मग मेन बंद करून, आणि पुन्हा मेन चालू ठेवून फायर पॅनेलवरून अलार्म देऊन, प्रत्येक लेन उघडते का ते पाहावे आणि त्याची तारीखवार नोंद ठेवावी. देखभालीचा मोठा फेरा मेमध्ये, पावसाआधी काढावा: बोल्ट आवळणे, वंगण, सेन्सरच्या काचा पुसणे, पाइपच्या तोंडांची पुट्टी तपासणे, आणीबाणी चाचणी. किनाऱ्याजवळ पत्रा आठवड्याला साबणाच्या गोड्या पाण्याने पुसावा, आत महिन्याला चालेल. चार लेनमागे एक कंट्रोल बोर्ड, एक एसएमपीएस, सेन्सरची एक जोडी आणि एक मोटर जागेवर ठेवावी. बाहेरून मागवलेला बोर्ड येईपर्यंत लेन बंद राहते आणि रांग उरलेल्या दोन-तीन लेनवर पडते.