पणजोबांची सनद, पंख्याचं पेटंट: इंग्रजांच्या काळात अर्ज कसा व्हायचा, कोण पात्र, कागदपत्रं काय

"आमचे पणजोबा वकील होते" असं खूप घरांत सांगतात, पण कसले वकील, कुठल्या कोर्टाचे असं विचारलं की पुढे कोणालाच सांगता येत नाही. त्याला कारण आहे. त्या काळी वकिलांचे बरेच प्रकार होते, बॅरिस्टर वेगळा, हायकोर्ट वकील वेगळा, सॉलिसिटर वेगळा, जिल्ह्याचा प्लीडर वेगळा, नागपूरकडे गेलात तर मुखत्यार आणखी वेगळा, आणि प्रत्येकाची परीक्षा, फी आणि कोर्टं ठरलेली. म्हणून घरात जुना कागद असलेल्यांसाठी आणि त्या काळावर वाचणाऱ्यांसाठी ही सगळी प्रोसेस एका ठिकाणी लिहिते आहे. सोबत पेटंटच्या अर्जाचंही लिहिलंय, कारण दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. अर्ज करायची मुभा कागदावर हळूहळू सगळ्यांना मिळत गेली, पण अर्जासोबत जो पुरावा मागायचे तो बऱ्याचदा लंडनमधून आणावा लागायचा, आणि खरी गाळणी तिथेच होती.

आधी पात्रता. बंगालमध्ये १७९३ च्या रेग्युलेशनने कंपनीच्या कोर्टांत सनदी वकील सुरू झाले तेव्हा ती सनद फक्त हिंदू आणि मुसलमानांनाच मिळायची. १८३३ मध्ये तिथे धर्माची अट गेली आणि १८४६ च्या पहिल्या ॲक्टने कुठल्याही देशाचा, कुठल्याही धर्माचा माणूस लायकीचं सर्टिफिकेट असेल तर वकील होऊ शकतो असं झालं. आपल्या मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात १८२७ ची रेग्युलेशन्स आली, त्यातल्या दुसऱ्या रेग्युलेशनमध्ये वकिलांचे नियम होते, आणि पुढे कितीतरी वर्षं जिल्ह्यातल्या वकिलांचा कारभार त्यावरच चालला. त्याच्या जागी नवा कायदा आला तो थेट १९२० चा बॉम्बे प्लीडर्स ॲक्ट. म्हणजे पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरीकडचा १९२० च्या आधीचा कागद असेल तर त्याचं मूळ १८२७ मध्ये शोधायचं.

१८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं. त्याच्या लेटर्स पेटंटने, म्हणजे राजसत्तेच्या अधिकारपत्राने (शोधाच्या पेटंटशी याचा संबंध नाही), ॲडव्होकेट, वकील आणि ॲटर्नी यांना तपासून रोलवर, म्हणजे कोर्टाच्या नोंदयादीत, घ्यायचा अधिकार हायकोर्टाला दिला. पण हायकोर्टाच्या आत दोन बाजू होत्या, ओरिजिनल साइड म्हणजे दावे पहिल्यांदाच ऐकणारी, आणि अपेलेट साइड म्हणजे अपिलं ऐकणारी. मुंबई शहरातले मोठे दावे ओरिजिनल साइडला चालायचे, तिथे पैसा होता, आणि तिथे वकील म्हणून नोंद असलेल्याला उभं राहता यायचं नाही, ॲडव्होकेटच लागायचा, त्याला केस द्यायची ती ॲटर्नी म्हणजे सॉलिसिटरने, पक्षकार थेट ॲडव्होकेटकडे जाऊ शकत नव्हता. मुंबई युनिव्हर्सिटीची एलएलबी करून माणूस वकील व्हायचा आणि मोफसिलमधून, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांतून, आलेली अपिलं अपेलेट साइडला चालवायचा. ॲडव्होकेट व्हायला एक तर लंडनला जाऊन बॅरिस्टर होऊन यायचं, नाहीतर मुंबई हायकोर्टाची ॲडव्होकेटची परीक्षा द्यायची, आणि ती फार थोड्यांनाच जमली. न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये ती पास झाले, काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८७२ मध्ये पास होऊन ओरिजिनल साइडचे ॲडव्होकेट झाले. विलायतेला न जाता तिथे उभं राहणं हे त्या काळात केवढं मोठं होतं ते या दोन बाजू समजल्याशिवाय कळत नाही, म्हणून एवढं सांगितलं.

आता कागदपत्रं. यासाठी एक खरा अर्ज बघू, कारण तो छापलेला उपलब्ध आहे आणि त्यात सगळं येतं. मोहनदास गांधींनी १६ नोव्हेंबर १८९१ ला मुंबई हायकोर्टाच्या प्रोथोनोटरी (कोर्टाचा कागदपत्रं सांभाळणारा मुख्य अधिकारी) आणि रजिस्ट्रारला अर्ज केला. त्यात काय आहे, तर मला या हायकोर्टाचा ॲडव्होकेट व्हायचंय, १० जूनला इंग्लंडमध्ये मला बारवर घेतलं म्हणजे बॅरिस्टर केलं, इनर टेंपल या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेत बारा टर्म भरल्या, मुंबई इलाख्यात प्रॅक्टिस करायचा विचार आहे, आणि बारवर घेतल्याचं सर्टिफिकेट सोबत जोडलंय. इथपर्यंत ठीक. पण मुंबई हायकोर्टाला चारित्र्य आणि लायकीबद्दल इंग्लंडमधल्या जजचं सर्टिफिकेटही लागायचं, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी अर्जात सरळ लिहिलं की इथले नियम मला माहीत नव्हते म्हणून ते आणलं नाही, त्याऐवजी तिथे प्रॅक्टिस करणाऱ्या एडवर्ड्स नावाच्या बॅरिस्टरचं सर्टिफिकेट जोडतोय, आणि या एडवर्ड्सचं पुस्तक बारच्या फायनलला नेमलेलं आहे असंही पुढे लिहिलं.

विचार करा, राजकोटला वाढलेला मुलगा, त्याच्याबद्दल राजकोटचा किंवा मुंबईचा कोणी माहितगार माणूस बोलला तर ते पुरेसं नाही, इंग्लंडच्या जजनेच सांगायला हवं की हा माणूस चांगला आहे, आणि तो जज त्याला ओळखणार तरी किती. माझ्या मते सगळ्या नियमांत हाच नियम सगळ्यात जास्त बोलका आहे.

पैशाचं आता. १८९९ च्या इंडियन स्टॅम्प ॲक्टमध्ये हे स्पष्ट आहे, हायकोर्टाच्या रोलवर ॲडव्होकेट किंवा वकील म्हणून नाव घालायला ५०० रुपये स्टॅम्प, ॲटर्नीला २५०. ॲटर्नीला कमी असं वाटेल पण तसं नाही, कारण ॲटर्नी व्हायला आधी सॉलिसिटरकडे उमेदवारी करावी लागायची, त्या आर्टिकल्सच्या करारावर वेगळे २५० होते, म्हणजे शेवटी तेवढेच. आधी एखाद्या हायकोर्टात नाव लागलेलं असेल तर दुसऱ्या हायकोर्टात हा स्टॅम्प परत भरावा लागत नसे. हे ५०० रुपये एकरकमी, वकिलीचा पहिला रुपया हातात यायच्या आधीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून बॅरिस्टर होऊन, परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या घेऊन आले, १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करायची तर सनदेच्या फीसाठी पैसे नव्हते, आणि नवल भथेना या त्यांच्या मित्राने मदत केली म्हणून ते झालं. परीक्षा पास होणं आणि दार उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

हायकोर्टाचा एवढा खर्च नको असेल तर जिल्ह्याचा रस्ता होता. मुंबई इलाख्यात डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा असायची, तिला कॉलेजची डिग्री लागायची नाही. वल्लभभाई पटेल मॅट्रिकनंतर स्वतः पुस्तकं वाचून १९०० मध्ये ही परीक्षा पास झाले आणि गोध्र्याला वकिली सुरू केली, बॅरिस्टर ते बऱ्याच वर्षांनी झाले. आपल्या तालुक्याच्या गावांतले खूपसे जुने वकील याच परीक्षेतून आलेले, त्यामुळे घरात एलएलबीचा कागद नाही म्हणून पणजोबा वकील नव्हतेच असं समजू नका.

नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इकडच्या लोकांनी मात्र १८७९ चा लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट बघायचा, कारण तो भाग मध्य प्रांतात होता आणि तो कायदा तिथे पहिल्यापासून लागू होता. त्यात प्लीडर, मुखत्यार आणि महसुली कामासाठी रेव्हेन्यू एजंट असे प्रकार येतात. मुखत्यार म्हणजे प्लीडरच्या खालचा, ठराविक कामं करणारा. यातला महत्त्वाचा मुद्दा असा की प्लीडर-मुखत्यारांचं सर्टिफिकेट स्टॅम्प पेपरवर असायचं आणि चालू वर्ष संपेपर्यंतच चालायचं, दरवर्षी रिन्यू करायचं. त्यामुळे ट्रंकेत एकाच माणसाची चार-पाच सर्टिफिकेटं सापडली तर गोंधळू नका. सर्टिफिकेट नसताना काम केलं तर दंड, आणि फीसाठी दावाही लावता यायचा नाही. याच कायद्यात पुढे कोर्टाबाहेर पक्षकार गाठून वकिलाकडे नेणाऱ्या दलालांच्या याद्या करून लावायची तरतूद आली. दलालांचा त्रास मुंबईतही होता, गांधींनी दलालाला कमिशन द्यायला नकार दिला होता आणि मुंबईत त्यांची वकिली चालली नाही यात त्याचाही भाग होता.

संस्थानांचं वेगळं. तिथे दरबारची सनद. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सनद कोणाला द्यायची हे ठरवणारा माणूस बदलला की तोच कागद कोणाच्या हातात जाऊ शकतो ते इथे दिसतं.

बायकांना अर्ज करता यायचा का? करता यायचा, पण मंजूर होत नव्हता. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, मुंबई युनिव्हर्सिटीची एलएलबी केली, अलाहाबाद हायकोर्टाची प्लीडरची परीक्षाही पास झाल्या, तरी नोंद मिळाली नाही. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाने नाकारला, १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा पाटण्याला नाकारला. अलाहाबादने १९२१ मध्ये कॉर्नेलियाबाईंना शेवटी घेतलं, आणि १९२३ मध्ये लीगल प्रॅक्टिशनर्स विमेन ॲक्ट आला तेव्हा सगळीकडे ही अडचण संपली. मुंबई हायकोर्टात मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम, या पहिल्या. कॉर्नेलियाबाईंच्या परीक्षा पास होण्यात आणि नोंद होण्यात वीस वर्षांहून जास्त काळ गेला, आणि तेवढा काळ त्यांच्या अर्जात एकही कागद कमी नव्हता.

१९२६ च्या इंडियन बार काउन्सिल्स ॲक्टनंतर हायकोर्टातला वकील आणि ॲडव्होकेट हा फरक मिटत गेला, तरी मुंबई-कलकत्त्याच्या ओरिजिनल साइडचे वेगळे नियम राहिलेच.

आता पेटंट. तेव्हा कायद्यातलं नाव होतं एक्सक्लूझिव्ह प्रिव्हिलेज, मक्ता म्हणा. पहिला कायदा २८ फेब्रुवारी १८५६ चा, आणि लगेच ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या सिव्हिल इंजिनिअरने अर्ज टाकला, पंखा ओढायच्या यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरचा मोठा कापडी पंखा माणूस बसून दोरीने ओढायचा, त्यासाठीचं हे मशीन. प्रोसेस दोन टप्प्यांत होती, आधी सरकारकडे स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर लेखी वर्णन, दाखल करायची परवानगी मागणारा अर्ज, ज्यात नाव, धंदा, पत्ता आणि शोध कशाचा आहे ते, आणि परवानगी मिळाली की ६ महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन. डीपेनिंगने ते २ सप्टेंबरला ड्रॉइंगसकट दिलं आणि मक्ता मिळाला. मुदत १४ वर्षं.

गंमत नाही, पण हा कायदाच पुढच्या वर्षी रद्द करावा लागला, कारण ब्रिटिश राजसत्तेची आधी मंजुरी घेतलेली नव्हती. मग १८५९ चा पंधरावा ॲक्ट आला. त्याने दोन-तीन गोष्टी बदलल्या त्या नीट बघा. मक्ता फक्त उपयोगी शोधालाच. नुसती बाहेरून वस्तू आणणारा शोधक धरला जाणार नाही, ही चांगली सुधारणा. पण शोध नवा आहे की नाही हे ठरवताना तो हिंदुस्थानात किंवा इंग्लंडमध्ये आधी वापरात किंवा छापून आलेला नसावा अशी अट. आणि इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्याला इकडे अर्ज करायला आधी ६ महिने मिळायचे ते १२ केले. म्हणजे पुण्याच्या कारागिराने स्वतःच्या डोक्याने काही केलं आणि तसंच काही लंडनच्या एखाद्या मासिकात छापलेलं निघालं तर त्याचा हक्क बुडाला, आणि लंडनच्या पेटंटवाल्याला मात्र वर्षभर सवड.

१८७२ मध्ये नमुने आणि डिझाइन कायद्यात आले. १८८३ मध्ये एक कामाची सोय झाली, प्रदर्शनात शोध मांडला तरी प्रदर्शन सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत अर्ज केला तर तो जुना धरायचा नाही. १८८८ मध्ये सगळं एका कायद्यात आणलं. १९११ च्या पेटंट्स अँड डिझाइन्स ॲक्टने पहिल्यांदा कलकत्त्याला कंट्रोलरचं, म्हणजे पेटंटचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याचं, ऑफिस आलं. या कायद्याखाली ब्रिटिश प्रजा असो नसो, कोणीही एकट्याने किंवा मिळून अर्ज करू शके. अर्जात शोध आपल्याकडे आहे आणि खरा व पहिला शोधक आपण किंवा आपल्यातला एक आहे असं डिक्लेरेशन, सोबत कच्चं किंवा पक्कं स्पेसिफिकेशन, गरज असेल तर ड्रॉइंग, आणि पक्क्या स्पेसिफिकेशनच्या शेवटी नक्की कशावर हक्क सांगतोय ते स्पष्ट लिहिलेलं. कच्चं दिलं असेल तर ठरलेल्या मुदतीत पक्कं द्यायचं, नाहीतर अर्ज पडला. स्वीकारल्याची जाहिरात व्हायची, मग कोणालाही आक्षेप घेता यायचा, उदाहरणार्थ शोध माझ्याकडून उचललाय, किंवा आधीच माहीत होता. मिळालेलं पेटंट ब्रिटिश इंडियापुरतं, संस्थानांत ते चालत नसे.

मराठी माणसाला इथे शंकर आबाजी भिसे आठवणारच. मुंबईत १८६७ मध्ये जन्म, छपाईचे टाइप ओतायच्या मशीनवर काम, दादाभाई नौरोजींची मदत, नंतर टाटांचा पैसा, आणि पेटंटं घेतली ती ब्रिटन-अमेरिकेत, १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. मला यात त्यांचा काही दोष दिसत नाही. मशीन बनवणारे कारखाने, भांडवल आणि गिऱ्हाईक तिकडे होतं, इथल्या पेटंटने त्यांना हातात काय मिळणार होतं. आणि तिकडचं पेटंट घेऊन इकडे वर्षाच्या आत अर्ज करता यायचा, उलट दिशेने एवढी सोपी वाट नव्हती.

१९३० च्या दुरुस्तीने मुदत १४ ची १६ वर्षं झाली. हाच कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या अहवालानंतर १९७० चा पेटंट ॲक्ट झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. तेव्हा त्याआधीचं एखादं पेटंट घरात असेल तर ते १९११ च्या कायद्याचं की १८८८ च्या, हे तारखेवरूनच पहिलं ठरवा, फॉर्म आणि मुदत दोन्ही त्यावर अवलंबून आहे.